थूल साहेबांनी घेतलेला आवाज

थूल साहेब कोणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्या आधी पंखा बंद करायला सांगत. मे महिना असो, बाहेर हिंगणघाटचं ऊन असो, "सर, तेवढा पंखा बंद करा, तुमी काय म्हनता ते ऐकू द्या," असं म्हणत ते स्वतःच उठून बटण दाबत. मग कान स्वयंपाकघराकडे जायचा. तिथे फ्रिज घरघरत असला तर त्याचीही वायर निघायची. पहिल्या भेटीत आमच्याकडचं दूध त्यांच्यामुळे नासलं, कारण जाताना फ्रिज पुन्हा सुरू करायला ते विसरले आणि आम्हीही. दुसऱ्या भेटीपासून ते आपल्या स्कूटरची किल्ली आमच्या फ्रिजमध्ये ठेवू लागले. "आता इसरणार नाई. घरी जायचं तं किल्ली लागंल, किल्ली घ्याले फ्रिज उघडंन, उघडला की बंद दिसंन." ही युक्ती त्यांच्या खात्यातल्या सगळ्याच साउंडवाल्यांची होती म्हणे. माझ्या बायकोला मात्र भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी पडलेली किल्ली शेवटपर्यंत पटली नाही.

दशरथ थूल अल्लीपूरचे. सरकारच्या माहितीपट खात्यात ध्वनिमुद्रक म्हणून त्यांनी मुंबईत नोकरी केली, निवृत्त झाले आणि लोक पुण्यात फ्लॅट घेतात त्या वयात अल्लीपूरला परत येऊन राहिले. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न करून पुण्याला. उंची बेताची, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि ऐकताना मान थोडी डावीकडे कललेली. मी तेव्हा हिंगणघाटच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. सिनेमावर कोणी बोलेल का म्हणून शोधत असताना त्यांचं नाव कळलं. व्याख्यानाला आले आणि मुलांना म्हणाले, "डोळे मिटा." पाच मिनिटं वर्ग डोळे मिटून बसला. नंतर एकेकाला विचारलं, काय ऐकलं? कोणी कबुतर म्हणालं, कोणी कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा. एक मुलगी म्हणाली, "सर, बाजूच्या वर्गात मॅडम रडून राह्यल्या." आम्ही कोणीच ते ऐकलं नव्हतं. थूल साहेबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. त्यांनीही ऐकलं होतं.

आवाजाचं हे वेड कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, आईकडून. आईवडील छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा घ्यायला गेले तेव्हा हे आईच्या कडेवर होते. आई ठेंगणी. त्या गर्दीत तिला माणसांच्या पाठींशिवाय काही दिसलं नाही. कर्ण्यातून येणारा आवाज तेवढा तिने ऐकला. "जनमभर सांगे, मी होती तिथं. कोनी म्हने, तुले दिसलं का? तं म्हने, मले ऐकू आलं. आवाज पुरते, सर."

त्यांच्या नोकरीबद्दल आम्हाला मोठं कुतूहल. धरणं, पोलादाचे कारखाने, पूर, मंत्री, सगळ्यांपुढे यांनी माइक धरलेला. पण ते त्याबद्दल अभिमानाने बोलत नसत. एकदा मी फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "देश नवा होता तवाची रीत, सर. सिनेमा दाखवून लोकाइले शिकवाचं असं ठरलं होतं. गाडी गावात जाये, पडदा लावे. आमी शेतकऱ्याले बोलाले लावू. मी जीव लावून आवाज घेऊ. एकेकाचा आवाज असा, की तुमाले सांगतो, अंगावर काटा येये. मुंबईले नेला की एडिटिंगमध्ये त्याचा आवाज कमी होये, आन् वरून निवेदकाचा आवाज येये, शुद्ध. 'हा शेतकरी आता समाधानी आहे.' तो काय बोलत होता ते फक्त मले ठाव. माणसाचं तोंड हलून राह्यलं, आन् बोलून राह्यला दुसराच." आणि म्हणाले, "तीस वर्षं मी हेच केलं."

देशाचा सिनेमा या विषयावर त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, आणि ते ऐकवताना ते खिडकीतून जिनिंगकडे बोट दाखवत. "कापूस आपला. गाठी बांधून इथून जाते. कापड तिकडं बनते. मंग तेच कापड आपन दुकानातून इकत आनतो आन् म्हनतो, काय मस्त रंग हाये! सिनेमाचं तसंच. मानसं इथली, दुःख इथलं, बोलनं इथलं. पन ते तिकडं जाते, धुऊन, रंगवून येते. अशानं मुंबई मोठी होते, सर. देशाचा सिनेमा होत नाई. तो जिल्ह्याजिल्ह्यात सुतासारखा कातावा लागते."

अशी वाक्यं बोलणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. थूल साहेब त्यावर उठून काम करणारे होते, हा फरक.

कारंज्याला हायवेवरच्या एका ढाब्यावर बाहेरच्या एका कंपनीचं शूटिंग आलं होतं. स्थानिक मदतनीस म्हणून यांना बोलावलं. मीही बघायला गेलो. नायक शहरातला, त्याच्या तोंडी छापील मराठी; आणि ढाब्यावरचा वेटर तेवढा वऱ्हाडी बोलणारा. वेटरचं काम करणारा नट पुण्याचा. तो प्रत्येक शब्दाला 'ले' लावत होता आणि युनिट हसत होतं. थूल साहेबांनी दोन शॉट ऐकले. तिसऱ्याला दिग्दर्शकाजवळ जाऊन अगदी सौम्यपणे म्हणाले, "साहेब, याले घोड्यावर बसाचं काम असतं तं तुमी याले महिनाभर घोडा शिकवला असता. भाषा काऊन नाई शिकवत? पडला तं याले लागत नाई म्हनून?" दिग्दर्शक तरुण होता. त्याला राग आला नाही, तो हसला आणि म्हणाला, "काका, कॉमेडी आहे." त्यावर थूल साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खुर्चीवर ठेवलं आणि आम्ही मिळेल त्या ट्रकने परत निघालो. वाटेत ते एवढंच बोलले, "आपला सिनेमा आपनच करू."

आणि खरंच केला.

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाखाली लोकांनी जो पाहिला तो त्यांचा सिनेमा नव्हता. गोष्ट साधी होती. नवरा वारलेली एक बाई सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायला अल्लीपूरहून वर्ध्याला जाते, तिचा एक दिवस. नागपूरची चार तरुण मुलं आली, एकाने कॅमेरा आणला. बाकी सगळे गावातले. बाईचं काम केलं सुभद्राबाईंनी. साठीच्या, कापूस वेचायला जाणाऱ्या, कपाळावर पदर, आवाज खरबरीत आणि मोठा. वावराच्या एका बांधावरून, धुऱ्यावरून, दुसऱ्या धुऱ्यावर बोलून बोलून झालेला. थूल साहेबांनी त्यांना चेहऱ्यासाठी निवडलंच नव्हतं. बाजारात पाठमोरे असताना त्यांनी हा आवाज ऐकला आणि वळून विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?"

शूटिंगचे ते सव्वा महिन्याचे दिवस म्हणजे माझ्या आयुष्यातला उत्तम काळ. सुट्टी घेऊन मी तिथेच असायचो. प्रत्येक जागेचं चित्रीकरण संपलं की थूल साहेब सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करायचे आणि त्या रिकाम्या जागेचा आवाज घ्यायचे. "प्रत्येक जागेले तिचा श्वास असते. तो नाई घेतला तं सिनेमा मेल्यासारखा वाटते." पहिल्या दिवशी चौकात असेच तीस-चाळीस लोक माना खाली घालून उभे होते. सायकलवरून जाणारा एक म्हातारा हे पाहून उतरला, टोपी काढली आणि तोही उभा राहिला. मिनिट संपल्यावर शेजारच्याला हळूच म्हणाला, "कोन गेलं बाप्पा?" थूल साहेब हसत हसत खालीच बसले. त्यांना एवढं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

सगळ्यात मोठा प्रसंग कचेरीतला होता. खिडकीपलीकडचा बाबू ऐकत नाही आणि बाई बोलते. मी त्यासाठी संवाद लिहून दिले होते. थूल साहेबांनी ते वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि सुभद्राबाईंना म्हणाले, "बाई, तुमचं नाव चढवून नाई राह्यला हा. बोला त्याले." सुभद्राबाई सात-आठ मिनिटं बोलल्या. नवऱ्याबद्दल, विहिरीबद्दल, दगड कोणी वेचले त्याबद्दल. बाबूचं काम करणारा गावचाच मास्तर इतका गांगरला की त्याने पेन खाली ठेवलं. तशी त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "मी बोलून राह्यली, तं तुमी लेखनी काऊन ठेवली? लिवा नं!" मास्तरने खरोखरच पेन उचललं आणि लिहू लागला. शॉट संपला तरी तो लिहीतच होता. थूल साहेबांनी हेडफोन काढला. त्यांचे डोळे भरले होते. "सर," मला म्हणाले, "हा आवाज कोनी कमी करू शकत नाई."

सिनेमा तयार झाला आणि वर्षभर पडून राहिला. मग एक वितरक भेटला. माणूस लबाड वगैरे नव्हता, त्याला सिनेमा आवडलाही होता. पण म्हणाला, ही भाषा पुढे चालणार नाही. पहिल्या दहा मिनिटांत लोक उठतील. प्रमाण मराठीत डब करा, मी राज्यभर लावतो. थूल साहेब म्हणाले, "खाली अक्षरं द्या." तो हसला. "मराठी सिनेमाला मराठी अक्षरं? लोक काय म्हणतील?"

थूल साहेबांनी नकार दिला आणि गावी परत आले. तिथे गोष्ट संपली असती, आणि संपायला हवी होती. पण ती चार मुलं माझ्याकडे आली. दोन वर्षं त्यांनी या सिनेमात घातली होती. सिनेमा लागला नाही तर त्यांना पुढचं काम कोण देणार? "सर, ते तुमचं ऐकतात," असं ती म्हणाली. मीही तसं समजत होतो. अल्लीपूरला गेलो, पंखा बंद करून त्यांच्यासमोर बसलो आणि तासभर बोललो. शेवटी म्हणालो, "साहेब, आवाज ऐकवायला आधी माणूस थिएटरात तर यायला हवा. एकदा लोकांनी पाहिला की पुढे मूळ आवाजातला पण दाखवता येईल."

त्यांनी मान कलती ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तुमी म्हनता तं असंन." आणि उठताना, "पन बाईचं बोलनं दुसऱ्या कोनाले लिवू देऊ नका. तुमीच लिवा."

मी लिहिलं. सुभद्राबाईंचं ते बोलणं मी कागदावर उतरवलं आणि एकेक वाक्य शुद्ध केलं. 'मी बोलते आहे, तर तुम्ही लेखणी का ठेवलीत? लिहा ना.' व्याकरणाची एक चूक नाही. लिहिल्यावर मला कौतुकही वाटलं होतं, की ओठांची हालचाल किती बरोबर जुळवली! करारही मीच वाचला. चित्राबरोबर सगळं मूळ ध्वनिमुद्रण, त्याच्या नकलांसह, वितरकाच्या ताब्यात जाईल, अशी त्यात एक ओळ होती. ती मला दिसली होती. अशा करारात असं असतंच, असं मी स्वतःशी म्हणालो. त्यांना ती ओळ वाचून दाखवली, पण थांबवलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

सिनेमा लागला. हिंगणघाटच्या थिएटरात दुपारचा खेळ मिळाला. मॅटॅडोर करून अल्लीपूरची माणसं आली. सुभद्राबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेतल्या मानाच्या खुर्चीत बसल्या. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला थूल साहेब. मी मागच्या रांगेत. पडद्यावर त्या दिसल्या तेव्हा सगळं गाव ओरडलं, शिट्ट्या पडल्या. मग पडद्यावरच्या सुभद्राबाईंनी तोंड उघडलं आणि मुंबईच्या कोणा चांगल्या, शिकलेल्या नटीचा आवाज आला.

शिट्ट्या थांबल्या. सुभद्राबाईंनी आधी नातीकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. अंधारात त्यांचा आवाज सगळ्या थिएटरात ऐकू आला, "हे कोन बोलून राह्यलं वं?"

कोणीतरी हसलं. नात म्हणाली, "आजे, थे तूच हायेस." "मी नोहो थे," त्या म्हणाल्या. कचेरीच्या प्रसंगाला मी पडद्याकडे पाहू शकलो नाही. थूल साहेबांकडे पाहत होतो. मान नेहमीसारखी कललेली नव्हती. ताठ, समोर.

बाहेर आल्यावर लोक त्यांना हार घालत होते. सुभद्राबाई गर्दीतून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं. शाळेत मास्तरला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "साहेब, माह्या आवाजात काई खोट होती का?"

"नाई, बाई."

"मंग काऊन काढला?"

थूल साहेबांनी गळ्यातला हार काढला. मी पुढे होऊन सांगायला लागलो, की बाई, पुण्या-मुंबईच्या लोकांना कळावं म्हणून... सुभद्राबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले तं त्याइचं कळते. त्याइले माहं काऊन नाई कळत?" आणि मॅटॅडोरमध्ये जाऊन बसल्या.

सिनेमा आठवडाभर चालला आणि उतरला. लोक भाषेमुळे आले नाहीत, असं म्हणायलाही आता जागा नव्हती. मुलांपैकी दोघांना मुंबईत कामं मिळाली, हे खरं. थूल साहेब मूळ ध्वनिमुद्रण परत मागत राहिले. पत्रं लिहिली, दोनदा मुंबईला गेले. दुसऱ्या खेपेला वितरकाच्या कचेरीच्या जागी कपड्यांचं दुकान होतं. वितरकाने धंदा बंद केला होता. त्याचं सामान कुठे गेलं, त्या हार्ड डिस्क कोणी पुसून वापरल्या की भंगारात गेल्या, हे कोणालाच सांगता येईना. वितरकाच्या एका जुन्या माणसाने फोन घेतला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काका, सिनेमा तर आहे ना यूट्यूबवर? मग आवाजाचं काय घेऊन बसलात?"

पुढच्या दिवाळीनंतर सुभद्राबाई वारल्या. मी गेलो होतो. थूल साहेब अंगणात पुरुषांपासून जरा दूर उभे होते. त्यांनी बाईंच्या नातीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुह्या मोबाइलात आजीचं बोलनं हाये का काई?" तिने शोधलं. फोटो पुष्कळ होते. बोलणं नव्हतं.

त्यानंतर ते गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसत आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घेत. सिनेमासाठी नाही, कशासाठीच नाही. मूळची सीडी ज्याची त्याच्या मुलांना देऊन टाकत, स्वतःजवळ नक्कल ठेवत. मला बोलावत नसत असं नाही, पण मीच जाणं कमी केलं. गेलो तर ते पूर्वीसारखेच पंखा बंद करत आणि माझं बोलणं ऐकत. त्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. मी मात्र दोन वर्षं माफीचं वाक्य जुळवत होतो.

शेवटी एका हिवाळ्यात सकाळच्या बसने मुद्दाम अल्लीपूरला गेलो. ते ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. अंगाने बरेच वाळले होते. मीही शेंगा घेतल्या. टोपली निम्मी झाल्यावर म्हणालो, "साहेब, ते डबिंगचं... मी तुम्हाला तेव्हा चुकीचं सांगितलं."

त्यांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "सही माही होती, सर," ते म्हणाले. "तुमी मराठीचे प्रोफेसर. तुमाले थे बोलनं शुद्ध करावसं वाटनारच. मले तं ठाव होतं नं. तीस वर्षं पाह्यलं होतं मी. तरी केलं." आणि मग, जणू मलाच धीर द्यायला हवा होता, तसं म्हणाले, "खाऊन जा. वांग्याची भाजी हाये."

जेवण झाल्यावर मला सोडायला ते स्टँडपर्यंत चालत आले. बस लागलेलीच होती. मी मागची, खिडकीजवळची जागा धरली. काच अडकलेली, उघडेना. बस हलली तसा त्यांनी हात वर केला, मीही केला. वीस पावलांवर एका बाईने हात दाखवला म्हणून ड्रायव्हरने बस पुन्हा थांबवली. थूल साहेबांना वाटलं, मीच थांबवली. ते धुळीतून घाईघाईने पुढे आले आणि काचेजवळ उभे राहून मला काही सांगू लागले. बराच वेळ, म्हणजे ती बाई आपलं गाठोडं चढवीपर्यंत, ते बोलत होते. इंजिनाच्या धडधडीत मला त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसले. मी ऐकू आल्यासारखी मान हलवली. येत्या आठवड्यात येऊन विचारू, असं मनाशी म्हणालो. माझी मान हललेली पाहून त्यांना समाधान वाटलं असावं. ते मागे सरले, आणि बस निघाली.

माझं जाणं राहिलंच. महिन्याच्या आतच त्यांच्या मुलीचा फोन आला, साहेब गेल्याचा.